मॅक्रोचा नियम भिंतीवर लिहिलेला गेमिंग कॅफे, ठाणे पश्चिम

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो एसी, हेडफोन आणि डोटावाल्यांसाठी, त्याबद्दल खाली लिहिते. बाकी जे लिहायचंय ते जवळपास सगळं एकाच गोष्टीबद्दल आहे. ऑनलाइन गेममध्ये मॅक्रो, स्क्रिप्ट, ऑटोक्लिकर, बाइंड (बटणाला नेमून दिलेलं काम) असं जे काय एका दाबण्यात अनेक कामं करणारं किंवा स्वतःच क्लिक करत राहणारं, आपोआप चालणारं प्रकरण असतं, त्यात काय चालेल काय नाही आणि ते एकमेकांना कसं सांगायचं, याबाबतीत एवढा नीट कॅफे मी तरी दुसरा बघितलेला नाही. आणि मी स्टेशनजवळचे, घोडबंदरचे, वाशी-ऐरोलीकडचे बरेच फिरलेय, ऑफिस ऐरोलीला आहे त्यामुळे दोन्हीकडे जाणं होतं.

आधी कामाचं. वेस्टला उतरून गोखले रोडने चालत आलात तर दहा-बारा मिनिटं, आतल्या गल्लीत मेडिकलच्या बाजूचा जिना, पहिला मजला. बाइक आणू नका, संध्याकाळी नौपाड्यात पार्किंग शोधेपर्यंत एक मॅच होऊन जाते. तासाला ८० रुपये, पाच तासांचे एकदम भरले तर ३५०. मशीन अगदी नवीन नाहीत पण काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट हे गोळीबाराचे गेम आणि डोटा हा जादूच्या लढाईचा गेम आरामात चालतात, मॉनिटर सगळे १४४ हर्ट्झचे, लाइट गेली तर यूपीएसवर चालू राउंड संपवण्याइतका वेळ मिळतो. काउंटरवर दादा नाहीतर वहिनी, दोघांपैकी एक कायम असतात आणि दोघंही स्वतः खेळतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ज्याने कधी खेळलेलंच नाही त्याला मॅक्रोवरून पोरं एवढी का भांडतात हेच कळत नाही, तो दोघांनाही उठवून बाहेर काढतो आणि मोकळा होतो.

काउंटरच्या मागे व्हाइटबोर्ड आहे, मार्करने मराठीत चार ओळी लिहिल्यात. वर 'एक बटण, एक काम'. त्याखाली 'यापेक्षा जास्त काही लावलं असेल तर मॅचच्या आधी समोरच्या टीमला सांगा'. मग 'समोरचे नाही म्हणाले तर नाही'. आणि सगळ्यात खाली लाल मार्करने 'पुरावा नसेल तर कोणाला स्क्रिप्टर म्हणायचं नाही'. बस एवढंच. बाकी ठिकाणी मी 'चीटिंग केल्यास पैसे परत मिळणार नाहीत' असे बोर्ड बघितलेत, पण चीटिंग म्हणजे काय ते कोणी लिहीतच नाही आणि मग प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवतो.

'एक बटण, एक काम' ही रेघ दादांनी काढलेली नाही, मोठ्या गेममध्ये ती आधीपासून आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तर मॅक्रो लिहायची सोय गेममध्येच दिलेली आहे, पण तिथेही एकदा दाबलं की एकच मोठा स्पेल जातो, पुढच्यासाठी परत दाबायला लागतं, म्हणजे कधी काय मारायचं ते माणसानेच ठरवायचं. मला यातलं जे आवडतं ते हे की नियम सॉफ्टवेअरच्या नावावर अडकत नाही. आज एक टूल बंद केलं तर उद्या दुसरं येतं, पण 'तू एकदा दाबलंस, पडद्यावर किती गोष्टी झाल्या?' हा प्रश्न बारा वर्षांच्या पोरालाही कळतो.

दुसरी ओळ मात्र माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी आहे. आपण लहानपणी बिल्डिंगच्या खाली क्रिकेट खेळताना आधी ठरवायचो ना, वन टप्पा आउट आहे का, जोशींच्या खिडकीला लागला तर आउट की दोन रन, आणि एकदा ठरलं की मग त्यावर भांडण नाही. तसंच आहे हे. बरेच बाइंड असे असतात की ते दोघांनीही लावले तर काहीच बिघडत नाही, बिघडतं ते एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं तेव्हा. रविवारच्या पाच-पाचच्या मॅचला दोन्ही कॅप्टन काउंटरपाशी येतात, दादा विचारतात 'कोणाचं काही आहे का?', आणि पोरं सांगतात, माझा हा बाइंड आहे, माझ्या माउसच्या साइड बटणावर हे आहे. दोन मिनिटं लागतात. नंतरची अर्ध्या तासाची आरडाओरड वाचते.

आता कीबोर्डचं. इथे स्वतःचा कीबोर्ड-माउस आणायला देतात, पण रविवारच्या मॅचला आधी तपासून घ्यावा लागतो. कॅफेचं मशीन रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातं, त्यामुळे कोणी ऑटोहॉटकी या मॅक्रो बनवायच्या सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट टाकून ठेवली तरी पुढच्याला मिळत नाही. पण आजकालच्या कीबोर्ड-माउसमध्ये स्वतःची मेमरी असते, घरी मॅक्रो सेव्ह केला की तो वायरसोबत तुमच्या मागे मागे येतो, मशीन कितीही पुसा. हे बऱ्याच कॅफेवाल्यांना माहीतच नसतं.

मागे एकदा वर्तकनगरचा एक मुलगा नवा कोरा मॅग्नेटिक स्विचवाला कीबोर्ड घेऊन आला होता, बॉक्ससकट, बाबांनी वाढदिवसाला दिलेला. दादांनी तो काउंटरच्या मशीनला लावला, ब्राउझरमध्ये बटणं तपासायचं एक साधं पान असतं ते उघडलं, आणि म्हणाले, "ए दाबून ठेव. सोडू नकोस हां. आता डी दाब." पडद्यावर ए पेटला होता, डी दाबल्याबरोबर डी पेटला आणि ए विझला.

"तुझं बोट ए वरच आहे ना अजून?"

"हो दादा."

"मग ए सोडला कोणी?"

मुलगा बोटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "कीबोर्डनेच."

"हां. मग रविवारी हे बंद. घरी काय करायचं ते कर, पण तिकडेही गेमचा नियम वाचून कर."

त्या मुलाने तिथेच दोन बटणं एकत्र दाबून ते फीचर बंद केलं, परत तपासलं, आता दोन्ही अक्षरं पेटलेली राहिली, दादांनी कीबोर्डच्या मागे हिरव्या टेपचा तुकडा चिकटवला की झालं. सगळ्यांसमोर झालं पण त्या पोराला कोणी चोर ठरवलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हा काही त्याने कुठून तरी चोरून आणलेला चीट नव्हता, दुकानात खुलेआम मिळणारी वस्तू आहे आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरात फीचर म्हणून छापलेली आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता गोळी मारली तर ती कुठेही जाते, नेम लागायला आधी थांबावं लागतं. नुसतं बटण सोडलं तर थांबायला वेळ लागतो म्हणून खेळणारे उलट दिशेचं बटण टचकन दाबतात, डावीकडे जाताय तर ए सोडून लगेच डी. त्या 'सोडून लगेच' मध्येच सगळी मेहनत आहे. जरा आधी दाबलं तर दोन्ही बटणं एकदम लागतात आणि हालचाल अडकते, जरा उशिरा दाबलं तर पाय घसरत राहतात आणि पहिली गोळी फुकट. लोकांची वर्षं जातात हे बोटात बसवायला. २०२४ च्या जुलैमध्ये रेझर कंपनीने आपल्या कीबोर्डमध्ये स्नॅप टॅप आणलं, म्हणजे दोन बटणं दाबलेली असतील तर शेवटचं दाबलेलं तेवढं खरं धरायचं, आधीचं कीबोर्ड आपणहून सोडून देतो. वूटिंग या दुसऱ्या कीबोर्ड कंपनीचंही तसंच निघालं, आणि मग बाकीच्यांचीही रांग लागली. महिनाभरातच, १९ ऑगस्ट २०२४ ला हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये अपडेट टाकला की हार्डवेअरच्या मदतीने असं थांबणं त्यांच्या अधिकृत सर्व्हरवर पकडलं जाईल आणि मॅचमधून बाहेर काढलं जाईल. त्याच अपडेटमध्ये हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या एकापेक्षा जास्त कृती एका बटणावर बांधलेले बाइंडही आपोआप बंद झाले.

पण यातला 'अधिकृत सर्व्हरवर' हा भाग लक्षात घ्या. कॅफेतली रविवारची मॅच कॅफेच्या स्वतःच्या सर्व्हरवर होते, तिथे व्हॉल्व येऊन बघत बसत नाही, जो यजमान आहे त्यानेच बघायचं. बहुतेक कॅफेवाले इथेच हात वर करतात. दादा करत नाहीत, ते तोच नियम आपल्या सर्व्हरवरही लावतात. त्यांचं कारणही साधं आहे. पोरं इथे जी सवय लावून घेतात तीच घरी घेऊन जातात, आणि घरी मॅचमधून हाकललं गेलं की मग कोणाला विचारणार.

त्याच अपडेटमधली आणखी एक गोष्ट मला फार पटली, ती इथे सांगायलाच हवी. स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, लांब आणि बरोबर जागी टाकायचा तर उडी मारल्यावर ठरावीक क्षणालाच हातातून सुटावा लागतो, त्यासाठी सीएस:गो मध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या आधीच्या आवृत्तीत, जवळजवळ सगळेच एक बाइंड लावायचे, एक बटण दाबलं की उडी आणि फेक दोन्ही. खरं तर 'एक बटण, एक काम' याच्या सरळ विरुद्ध. पण सगळ्यांकडे होता, सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे कोणाच्या मनात खोट नव्हती. व्हॉल्वने तो बाइंड बंद केला आणि सोबतच हाताने उडी मारून टाकलेला स्मोकच जास्त भरवशाचा करून टाकला. माझ्या मते ही योग्य पद्धत. ज्या गोष्टीसाठी प्रत्येकालाच स्क्रिप्ट लागतेय ती गोष्ट गेमनेच सगळ्यांना द्यावी, म्हणजे ज्याला कन्फिग फाइल उघडायची माहिती नाही असं नवीन पोरगंही मागे पडत नाही. खरेदीचे बाइंड मात्र अजून चालतात, एका बटणावर बंदूक, चिलखत, ग्रेनेड सगळं विकत घेणं, आणि इथेही चालतात, सांगायचीही गरज नाही. कारण खरेदी करण्यात नेम नाही की हाताचं कसब नाही, पटकन झालं तर कोणाचं काय गेलं?

आता जिथे मी दादांशी सहमत नाही ते. आमच्या कळव्याच्या टीममध्ये एकजण आहे, त्याच्या डाव्या हाताची दोनच बोटं नीट चालतात. तो वाकण्यासाठी पायाखाली पेडल वापरतो, यूएसबीचं, टायपिंगच्या कामाला मिळतं तसलं. पहिल्यांदा आला तेव्हा समोरच्या टीमने लगेच हरकत घेतली की हे काय यंत्र आहे. दादांनी पेडल काउंटरला लावून दाखवलं, समोरच्या कॅप्टनलाच म्हणाले तू पाय ठेव, त्याने ठेवला, पडद्यावर फक्त कंट्रोलचं बटण पेटलं. उचलला, विझलं. "हे तर नुसतं बटणच आहे," कॅप्टन म्हणाला, आणि विषय संपला. ती हरकत आणि तिचं उत्तर दोन्ही मला बरोबर वाटलं, विचारणं चूक नाही, दाखवल्यावर मान्य न करणं चूक. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच एक्सबॉक्ससाठी अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, ज्याला पेडल, मोठी बटणं, काय काय जोडता येतं, म्हणजे बटण कुठल्या अवयवाने दाबायचं याची सक्ती कधीच नसायला हवी.

पण त्याच्याकडे एक खराखुरा मॅक्रोसुद्धा आहे, दोन बटणं एकत्र दाबण्यासाठी, कारण त्याचा हात तेवढा पसरतच नाही. तो प्रत्येक मॅचच्या आधी ते उघड सांगतो. आत्तापर्यंत सगळे हो म्हणालेत, पण बोर्डावरची तिसरी ओळ आहे, 'समोरचे नाही म्हणाले तर नाही', आणि दादा म्हणतात ती सगळ्यांना सारखी. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की जो मॅक्रो माणसाला बाकीच्यांच्या बरोबरीला आणतो आणि त्यांच्या पुढे नेत नाही, त्यावर समोरच्यांना नकाराचा हक्क नसावा, फक्त माहितीचा हक्क असावा. एखाद्या दिवशी एखादा हट्टी कॅप्टन नाही म्हणेल आणि हा मुलगा पाठीला बॅग लावून परत कळव्याला जाईल, ते व्हायच्या आधी ती ओळ बदलायला हवी. मी हे दादांना तोंडावर बोललेय, ते विचार करतो म्हणालेत, आणि ते विचार करणाऱ्यांपैकी आहेत म्हणून इथेही लिहितेय. ऑनलाइन मात्र त्याने तो मॅक्रो बंदच ठेवावा, तिथे सर्व्हरला हात दिसत नाही आणि अकाउंट त्याचंच धोक्यात येतं, हे दादांचं म्हणणं बरोबर आहे.

चौथी ओळ, लाल अक्षरातली, ती माझ्यासाठी सगळ्यात जवळची. मुलगी चांगली खेळली की पहिला शब्द येतो 'स्क्रिप्ट'. नवी मुंबईतल्या एका कॅफेत, नाव लिहीत नाही, मी लागोपाठ तीन जणांना हेडशॉट मारला तर पलीकडच्या रांगेतून ओरडा सुरू झाला, एकजण उठून माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभा राहिला, माझा माउस बघायला मागायला लागला आणि मालक फोनवर रील बघत बसले होते ते उठलेसुद्धा नाहीत. मी पुढचे दोन तासांचे पैसे सोडून बाहेर आले. इथे असं झालं तर काय होतं ते मी बघितलंय. एका पोराने समोरच्यावर आरोप केला, दादांनी त्याला विचारलं कुठला राउंड, त्याने सांगितला, मॅच संपल्यावर त्या राउंडचा डेमो, म्हणजे रेकॉर्डिंग, मोठ्या स्क्रीनवर हळू करून लावला, दोघांनाही शेजारी बसवून. बघितलं तर समोरच्याने पावलांचा आवाज ऐकून आधीच तिकडे नेम धरून ठेवला होता. आरोप करणाऱ्याला माफी मागायला लावली असं काही नाही, दादा एवढंच म्हणाले, "कळलं ना कसं मारलं? आता तू पण शिक," आणि खरंच पुढचा अर्धा तास ती दोन पोरं तोच कोपरा प्रॅक्टिस करत होती. शंका असेल तर मॅच थांबवून ओरडायचं नाही, राउंडचा नंबर लक्षात ठेवायचा आणि संपल्यावर येऊन सांगायचं, एवढीच पद्धत, पण त्यामुळे मी इथे एकटी येऊन हेडफोन लावून निवांत खेळू शकते.

माझा भाचा चौदाचा आहे, त्याला या सगळ्यात रस नाही, तो माइनक्राफ्टवाला, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमवाला. कॅफेचा स्वतःचा माइनक्राफ्ट सर्व्हर आहे, जुन्या मशीनवर चालतो, मेंबर पोरांना घरूनही जोडता येतं. सुरुवातीला तिथे मोठा लोचा होता, पोरं रात्री मॉब फार्मपाशी (राक्षस आपोआप जमा होतील अशी बांधलेली जागा) उभं राहून ऑटोक्लिकर लावून झोपायची, सकाळी पेट्या भरलेल्या. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस टिकच्या (टिक म्हणजे गेमचं एक पाऊल) चालीने चालायला हवा, आणि रात्रभर आठ-दहा जण असे उभे राहिले की त्यांच्या आजूबाजूचा सगळा नकाशा जागा ठेवावा लागतो, चाल मंदावते, आणि जो खरोखर जागा राहून खेळतोय त्याचा दरवाजासुद्धा उशिरा उघडतो. म्हणजे नुकसान कोणाचं, तर जो स्वतः खेळतोय त्याचं. वहिनींनी हे पोरांना बसवून समजावलं, आणि नियम केला तो मला फार शहाणपणाचा वाटला. गेमच्या आत रेडस्टोनने (तिथली वीजच समजा) जेवढी यंत्रं बांधायची तेवढी बांधा, हॉपर, म्हणजे वस्तू गोळा करणारी पेटी, लावा, ऊस आपोआप कापला जाऊ दे, कारण ते यंत्र सगळ्यांना दिसतं, कोणीही जाऊन बघून तसंच बांधू शकतं, आणि ते बांधायला डोकं लागतं. गेमच्या बाहेरून माउस दाबणारं काहीही नको. आणि यंत्राला बंद करायचं बटण हवंच, घरी जाताना बंद करून जायचं.

भाच्याने माझ्याशी वाद घातला, "मावशी पण दोन्ही आपोआपच आहे ना, फरक काय?" आणि प्रश्न चांगला आहे. मी त्याला मासे पकडण्याचं उदाहरण दिलं. आधी लोक माइनक्राफ्टमध्ये बोटभर पाण्याचा खड्डा करून बटणावर वजन ठेवून निघून जायचे आणि रात्रभरात जादूची पुस्तकं मिळायची. २०२० मध्ये १.१६ ही आवृत्ती आली तेव्हा गेम बनवणाऱ्या मोजांगने ठरवलं की खजिना मिळायला मोकळं, मोठं पाणी लागेल, साध्या खड्ड्यात फक्त मासे आणि कचरा. यंत्र बांधण्यावर त्यांनी बंदी घातली नाही, पण माणूस नसताना खजिना मिळणं बंद केलं. भाचा यावर गप्प बसला नाही, त्याचं म्हणणं माणूस नसताना ऊस का मिळतो मग, पण रेडस्टोनवर त्याने जो ऊस कापायचा कारखाना बांधलाय तो आता सर्व्हरवरची सगळी पोरं बघायला जातात, त्यामुळे त्याची तक्रार फार टिकली नाही.

रात्री मशीन चालू ठेवून जायची मागणी काउंटर-स्ट्राइकवालेही करतात. आठवड्याला एक्सपी, म्हणजे खेळण्याचे गुण, मिळवून लेव्हल वाढली की ड्रॉप, म्हणजे गेमकडून बक्षीस, मिळतो, त्यातली केस (बक्षिसाची पेटी) विकता येते, म्हणून डेथमॅचमध्ये बॉट, म्हणजे आपल्या जागी आपोआप खेळणारा प्रोग्राम, सोडून झोपायचं. दोन मोठी मुलं येऊन दादांना म्हणाली आम्ही रात्रीचे दुप्पट पैसे देतो. दादांनी नाही म्हटलं, मी तिथेच चहा घेत होते. ते म्हणाले की त्या मॅचमध्ये कोणीतरी ऑफिसवरून येऊन अर्धा तास खेळायला बसलेला असतो, त्याला समोर गोल गोल फिरणारे दहा पुतळे मिळतात. दुप्पट पैशांना नाही म्हणणारा कॅफेवाला, तेही भाडं नौपाड्याचं असताना, हे मला खरंच मोठं वाटतं.

एक काका येतात, बँकेतून रिटायर झालेले, ते ईव्ह ऑनलाइन हा अवकाशातल्या जहाजांचा गेम खेळतात, एकावेळी तीन अकाउंट. पोरं त्यांना चिडवतात की काका तुमचं काय, तुम्ही तर एकटे तिघं आहात. काकांनी शांतपणे समजावलं की जास्त अकाउंट चालतात, पैसे भरलेले असतात, पण एक बटण दाबून तिन्ही जहाजं एकदम हलवणं १ जानेवारी २०१५ पासून बंद आहे, प्रत्येक खिडकीत जाऊन वेगळं दाबायला लागतं, आणि ते दाखवतातही, टक टक टक, एकेक करून. वॉरक्राफ्टनेही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तेच केलं, अकाउंट कितीही ठेवा पण एका दाबण्यात सगळ्यांना हुकूम सोडायचा नाही. म्हणजे शेवटी बोर्डावरची पहिलीच ओळ.

मोबाइलवाल्यांसाठी एक. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळायला फोन घेऊन आलात तर बसायला जागा आणि वायफाय मिळतं, पण पीसीवर एमुलेटर (फोनचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून माउसने फोनवाल्यांशी खेळायला इथे देत नाहीत. अंगठ्याने खेळणाऱ्यासमोर माउस घेऊन बसायचं नाही, साधी गोष्ट आहे.

आता तक्रारी. खिडकीकडच्या चार सीटना एसी पोहोचतच नाही, मे महिन्यात तिथे बसणं अशक्य, सात नंबरनंतरच्या सीट मागा. हेडफोनचे कुशन फाटलेत, कानाला काळे तुकडे चिकटतात, स्वतःचे आणलेले बरे. बाथरूम एकच आहे, स्वच्छ आहे पण एकच. आणि महत्त्वाची तक्रार, एवढी सगळी काळजी काउंटर-स्ट्राइकसाठी आहे, डोटावाल्यांकडे दादांचं तेवढं लक्ष नाही. डोटात स्क्रिप्टचा प्रकार वेगळा, समोरचा झाडीतून दिसला रे दिसला की त्याच क्षणी त्याचा बेडूक-डुक्कर करून टाकणारी स्क्रिप्ट असते, माणसाचा मेंदू तेवढ्यात हलतच नाही. हे कीबोर्ड तपासून कळत नाही, सॉफ्टवेअर बघायला लागतं. व्हॉल्वने २०२३ च्या फेब्रुवारीत डोटातली ४०,००० पेक्षा जास्त अकाउंट एकदम बंद केली होती, त्यांनी गेमच्या आत अशी माहिती पेरून ठेवली होती जी साध्या खेळण्यात कधी वाचलीच जात नाही, फक्त चीट सॉफ्टवेअरच ती वाचणार, आणि ज्यांनी वाचली ते सापडले. कॅफेवाल्याकडून तेवढी अपेक्षा नाही, पण डोटाच्या मॅचला निदान सगळ्यांनी कॅफेच्याच मशीनवर, रीस्टार्ट करून बसायचं, लॅपटॉप आणायचा नाही, एवढा नियम तरी करता येईल. सध्या लॅपटॉप चालतो, तो चालू नये. आणि तो बोर्ड हिंदीतही लावा, कोपरी आणि कळव्याकडची बरीच मुलं हिंदीतच वाचतात, त्यांना तोंडी सांगितलेलं अर्धंच पोहोचतं.

खाण्याचं म्हणाल तर वहिनींकडे चहा आणि मॅगी मिळते, मॅगीत मटार आणि मिरची घालतात, छान असते. बाहेरून आणलेलं चालतं, पण कीबोर्डपाशी वडापाव खाऊ देत नाहीत, काउंटरच्या बाजूला बाकडं आहे तिथे बसून खायचं आणि हात धुऊन यायचं.

रविवारच्या मॅचसाठी शनिवारी रात्री दहापर्यंत टीमचं नाव द्यायला लागतं, पाचजण नसतील तरी द्या, दादा एकट्यादुकट्यांची टीम जुळवून देतात. आणि स्वतःचा कीबोर्ड आणणार असाल तर निदान अर्धा तास आधी पोहोचा, हिरव्या टेपसाठी रांग लागते.